मुकी शिट्टी घेऊन वाडीला

दत्ताच्या दर्शनाला जाताना माणसाने खिशात काय काय न्यावे याचे काही शास्त्र असेल, तर त्यात कुत्री हुसकावण्याचे यंत्र खचितच बसत नसणार. ज्या देवाच्या पायाशी चार कुत्री बसलेली, त्याच्या दारी असले हत्यार घेऊन जायचे म्हणजे गणपतीच्या देवळात उंदराचा पिंजरा घेऊन शिरण्यासारखेच. तरी गेल्या पौषात मी नरसोबाच्या वाडीला गेलो तेव्हा माझ्या उजव्या खिशात ते होते; आणि खरे सांगायचे तर त्या चार दिवसांत माझा भरवसा देवापेक्षा त्याच्यावरच अधिक होता.

त्याची हकीकत अशी. त्याआधीच्या कार्तिकात पहाटे फिरायला निघालो असताना आमच्याच गल्लीच्या तोंडाशी एका कुत्र्याने माझ्या पोटरीचा चावा घेतला. भुंकणे नाही, गुरगुरणे नाही, काही पूर्वसूचना नाही. भुंकणारे कुत्रे चावत नाही ही म्हण मी वर्गात अनेकदा सांगितली आहे. तिचा उत्तरार्ध त्या दिवशी कळला. घरी येऊन साबण लावून पंधरा मिनिटे नळाखाली जखम धुतली. डॉक्टरांनी जखमेभोवती सीरम टोचले आणि दंडात लस सुरू केली. चावल्याचा दिवस शून्य धरायचा आणि मग तिसरा, सातवा, चौदावा, अठ्ठाविसावा असे वार लावायचे. आमच्या लहानपणी पोटातल्या चौदा इंजेक्शनांचा जो धाक होता, तो आता उरलेला नाही. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस आपल्या देशात २००५ च्या सुमारास मागे पडली.

जखम तीन आठवड्यांत भरली, पण भीती काही भरून येईना. पहाटेचे फिरणे सुटले. दहा मिनिटांच्या वाटेवरच्या कॉलेजला मी रिक्षाने जाऊ लागलो आणि शेजाऱ्यांना गुडघा दुखतो म्हणून सांगू लागलो. शेवटी आमच्या कन्येने मोबाइलवर बोटे फिरवून ते यंत्र मागवले. तिसऱ्या दिवशी ते दारात हजर!

दिसायला ते हातातल्या लहान विजेरीसारखे. पुढच्या तोंडाला जाळी, वर दोन बारके दिवे, आत नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. एका बाजूला खटका, त्याची दोन घरे: एक कुत्र्याला हुसकावण्याचे, दुसरे कुत्र्याला शिकवण्याचे. बटण दाबले की आतली एक पातळ चकती सेकंदाला सुमारे २५,००० वेळा कंप पावते. माणसाचा कान फार तर २०,००० कंपनांपर्यंतचे ऐकतो, तेही बालपणी. माझ्या वयाला त्यातले वरचे बरेचसे गळून गेलेले असते. कुत्र्याला मात्र ४५,००० पर्यंत ऐकू येते. म्हणजे आपल्या दृष्टीने संपूर्ण शांतता, आणि त्याच्या दृष्टीने कानाशी कोणी कर्णा फुंकावा तसा प्रकार. या श्राव्यातीत ध्वनीपुढे कुत्रे म्हणे मागे फिरते.

मी बटण दाबले. तांबडा दिवा लागला. बाकी काही नाही. यंत्र चालू आहे की बिघडले आहे, हे विकत घेणाऱ्याला कधीच कळायचे नाही, अशी वस्तू विकणाऱ्याच्या धंद्याला तोड नाही. "लागला ना दिवा? मग चालतंय," एवढाच कन्येचा पुरावा.

कानांच्या या भेदाचा उपयोग माणसांवरही झालेला आहे. २००५ साली वेल्समध्ये दुकानांपुढे घोटाळणारी पोरेटोरे हुसकावण्यासाठी तरुणांनाच ऐकू येईल असा तार ध्वनी काढणारे यंत्र निघाले. पुढे पोरांनी तोच ध्वनी उचलून आपल्या मोबाइलची घंटा केली. भर वर्गात घंटा वाजावी, सगळ्या बाकांना ऐकू यावी आणि मास्तरांना मात्र नाही! हे वाचल्यापासून माझ्या तासाला वर्ग एकाएकी हसला की मी उगाच कान टवकारतो.

पण या यंत्राचा मूळ पुरुष फार जुना. लंडनचे फ्रान्सिस गाल्टन हे मोठे विलक्षण गृहस्थ होते. माणसांची वंशावळीने प्रतवारी लावण्याचा त्यांचा जो नाद होता त्याने पुढे जगाचे बरेच वाईट केले, पण तो वेगळा विषय. त्यांनी स्क्रूने लांबी कमी-जास्त होणारी एक बारीक पितळी शिट्टी बनवली, ती हातातल्या काठीच्या टोकाला बसवली आणि मुठीपाशी रबरी फुगा लावून तो दाबला की शिट्टी वाजेल अशी सोय केली. ही काठी घेऊन ते लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यापिंजऱ्यापुढे उभे राहत. जनावर काठीला सरावले की हळूच फुगा दाबत. त्याने कान हलवले तर त्याला ऐकू आले! १८८३ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी हे प्रयोग सांगितले आहेत. मांजरांचा कान त्यांना सर्वांत तिखट आढळला. रस्त्यातली लहान कुत्री वळून पाहत, मोठी मात्र ढिम्म. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात मोठमोठी कुत्री रस्तोरस्ती पसरलेली असत. तिथे तासन्‌तास फुगा दाबूनही एकाने मान वर केली नाही. मोठ्या कुत्र्यांना हा ध्वनी ऐकूच येत नसावा, असे त्यांनी ठरवले.

गंमत अशी, की १९८३ मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी, अमेरिकेत एवढ्याशा चिवावापासून धिप्पाड सेंट बर्नार्डपर्यंत कुत्र्यांचे कान रीतसर तपासले गेले, तेव्हा लहानमोठ्यांत असा काही भेद आढळला नाही. मग बर्नची ती कुत्री? मला वाटते, त्यांना ऐकू येत असावे. एका साहेबाच्या काठीसाठी मान उचलण्याची त्यांना गरज वाटली नसावी, इतकेच.

वाडीला जाण्याचा हट्ट आईचा. तिची पंचाहत्तरी उलटलेली, आणि चार दिवस राहून चारही काकडआरत्या घ्यायच्या असा तिचा जुना नेम. काकडआरती म्हणजे पहाटेचा अंधार, आणि अंधार म्हणजे कुत्री, एवढेच मला दिसत होते. नाही म्हणायची सोय नव्हती.

रात्रीच्या गाडीने निघून सकाळी जयसिंगपूरला उतरलो. तिथून शिरोळवरून वाडीपर्यंत दोन्ही अंगांना ऊस. तोडणीचे दिवस, बैलगाड्या आणि ट्रॅक्टर यांच्या मागे मागे आमची रिक्षा. काळी, तुळतुळीत जमीन, तिच्यावर पहाटेचे धुके, आणि कुठूनसा येणारा गुळाचा खरपूस वास. या मुलखात माणूस उपाशी राहायचा म्हटला तरी राहणार नाही, आणि कुत्रेही.

वाडी म्हणजे कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरचे एवढेसे गाव. श्रीनृसिंहसरस्वतींनी इथे बारा वर्षे वास केला आणि पुढे ते गाणगापूरला गेले. देवळात मूर्ती नाही, पादुका आहेत, वर औदुंबर. देऊळ नदीच्या इतके जवळ, की पावसाळ्यात कृष्णामाई स्वतःच आत येते. पाणी पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडू लागले की तो दक्षिणद्वार सोहळा, आणि त्यात स्नान करायला माणसे धावतात. आपल्याकडे पुराची बातमी आली की लोक सामान माळ्यावर टाकतात. इथे टॉवेल खांद्यावर टाकतात. अर्थात २००५ आणि २०१९ च्या पुरांत सगळ्या गावालाच घरे सोडावी लागली, त्याच्या आठवणी काढल्या की पेढेवाल्याचाही हात तागडीवर थांबतो.

घाटाकडे उतरणाऱ्या रस्त्याला दोन्हीकडे दुकाने: पेढे, बासुंदी, कवठाची बर्फी, तसबिरी. तसबिरीत दत्त, दत्ताच्या पायाशी चार पांढरीशुभ्र कुत्री. चार कुत्री म्हणजे चार वेद, हे आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेले असते. त्याच तसबिरींच्या फळीखाली दुकानागणिक एकेक सगुण साकार वेद झोपलेला. कोणी तांबूस, कोणी काळा, एकाच्या पाठीवरचे केस गेलेले. मी पाय उचलून उचलून चालत होतो.

"दत्ताच्या दारी कुत्र्याला भितोस होय रे?" आई म्हणाली. "नामदेव तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले, आणि तू हे यंत्र घेऊन."

"नामदेवांना ते चावलं नव्हतं," मी म्हणालो.

आम्ही उतरलो त्या धर्मशाळेच्या बोळात विटांचा एक ढीग होता आणि ढिगामागे पांढऱ्या कुत्रीची चार पिल्ले. कुत्रीच्या कानाला खाच नव्हती. नसबंदी आणि लस झालेल्या कुत्र्याच्या कानाला अशी खाच पाडतात. पकडा, शस्त्रक्रिया करा, लस टोचा आणि होते तिथे परत सोडा, हा आपल्याकडचा कायदेशीर मार्ग २००१ च्या नियमांनी आला आणि २०२३ च्या नियमांत कायम राहिला; पण गावोगावी तो किती पोचला ते विटांच्या ढिगामागे पाहावे. बाकी कुत्र्यांवरून भांडणे आपल्याला नवी नाहीत. १८३२ साली मुंबईत सरकारने मोकाट कुत्री मारायला काढली तेव्हा पारशी मंडळींनी दंगा करून फोर्टातले व्यवहार बंद पाडले होते. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या कुत्र्यांविषयी एक हुकूम दिला नि अकरा दिवसांत तो बदलला, तेव्हा घरोघर झालेली भांडणे वाचकांना आठवत असतीलच. आमच्या घरी तर जेवणे थंड झाली होती.

आईने पहिल्या दुपारीच त्या कुत्रीशी संधान बांधले. जेवण झाले की पोळी घेऊन पायरीवर बसायचे, एकेक तुकडा टाकायचा. संध्याकाळपर्यंत कुत्री तिच्या हातातून घेऊ लागली.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही देवळाकडे निघालो. थंडी मी म्हणत होती. वळणावर अंधारातून तीन कुत्री भुंकत अंगावर आली. माझ्या छातीत धस्स झाले. मी यंत्र काढले, हात लांब केला आणि बटण दाबले. आता यातला अनुभव जसा आला तसाच सांगतो. पहिले कुत्रे पाचसहा हातांवर थबकले आणि त्याने मान तिरकी केली, अवघड प्रश्न विचारल्यावर आमचे विद्यार्थी करतात तशी. दुसरे वळून सरळ निघून गेले. तिसऱ्यावर काहीही परिणाम नाही. हा ध्वनी विजेरीच्या झोतासारखा सरळ जातो, कोपऱ्यावरून वळत नाही, हवेत लवकर विरतो. त्याच्या झोतात ते तिसरे सापडले नसावे, किंवा सापडूनही त्याला पर्वा नसावी. आई मात्र "हाड्‌" म्हणून सरळ पुढे गेली आणि तेही बाजूला झाले. श्रेय कोणाचे, यावर आमचे देवळापर्यंत एकमत झाले नाही.

तरी तीनांपैकी दोन! मी विजयी मुद्रेने घाट उतरलो. खाली एका पायरीवर एक थोराड काळे कुत्रे आडवे पसरले होते. मी बटण दाबले. ते हलेना. जवळ जाऊन दाबले. शेपटीचे टोकही हलले नाही. बर्नच्या रस्त्यातले गाल्टनसाहेब मला आठवले. इतक्यात फुले विकणारी बाई म्हणाली, "मास्तर, त्येला कशाला दिवा दाखवतायसा? भैरं हाय त्ये. म्हातारं झालंय." मी मास्तर आहे हे तिने कशावरून ओळखले, कोण जाणे. बहिऱ्यापुढे तळमळीने बोलत राहण्याची सवय चेहऱ्यावर उमटत असावी.

इथपर्यंत सगळे हसण्यावारी नेण्यासारखे होते. पुढचे नाही.

त्या दुपारी आई नेहमीप्रमाणे पायरीवर बसून कुत्रीला पोळी घालत होती. मी वरच्या खिडकीत होतो. सकाळच्या यशाने माझ्या अंगी प्रयोगशास्त्रज्ञ संचारला होता. एवढ्या अंतरावरून यंत्र पोचते का, हे पाहण्याची लहर आली. कुत्री शांत होती, कोणाच्या वाटेत नव्हती. आईने तुकडा पुढे केला, कुत्रीने मान लांबवली, आणि मी बटण दाबले.

कुत्री चटका बसावा तशी उडाली. तुकडा तिथेच पडला. ती ढिगामागे गेली ती पुन्हा आलीच नाही. आई बराच वेळ यू यू करीत राहिली. वर पाहून म्हणाली, "काय झालं रे हिला एकाएकी?"

मी म्हणालो, "काय माहीत."

यंत्राबरोबरच्या कागदावर, त्या खटक्याच्या दुसऱ्या घराविषयी, लिहिलेले होते की कुत्र्याला शिकवायचे असेल तर अपराध घडता क्षणीच बटण दाबावे, आज्ञा द्यावी, आणि त्याने ऐकताच लगेच सोडावे. कुत्रे शिकते ते असे, की त्या क्षणी त्याच्यासमोर जे असेल त्याच्याशी ते दुखणे जोडते. दुखणे कोठून आले हे त्याला दिसत नाही. दिसते ते फक्त समोरचे. तिच्यासमोर त्या क्षणी माझी आई होती. मी तिला शिकवलेच होते, फक्त धडा दुसराच.

हे मला त्या दुपारी कळले नाही. कळले तिसऱ्या दिवशी पहाटे. आम्ही बोळातून निघालो आणि आदल्या दिवसापर्यंत शेपटी हलवणारी ती कुत्री ढिगामागून निघून आईवर दात विचकून गुरगुरली. आई दचकली, मागे सरली, पदर पायात आला आणि ती पायरीवर बसली, पडलीच म्हणायचे. मी यंत्र काढून बटण दाबले. कुत्री मागे हटली खरी, पण मागे तिची पिल्ले; तिला आणखी मागे जायला जागाच नव्हती. ती दुप्पट आवाजाने भुंकू लागली. मी अधिक जोराने दाबले, जसे काही जोराने दाबल्याने यंत्र अधिक ओरडणार होते.

"बंद कर ते आधी," आई बसल्या जागेवरून म्हणाली.

मी बंद केले. आम्ही दोघे स्तब्ध राहिलो. कुत्री भुंकत भुंकत थांबली.

आदिपर्वातली सरमेची गोष्ट मी कित्येक वर्षे शिकवीत आलो आहे. जनमेजयाच्या सत्रात एक कुत्र्याचे पोर आले, त्याला राजाच्या भावांनी मारले. ते रडत आईकडे गेले, म्हणाले, मी हवीकडे पाहिलेसुद्धा नाही, चाटणे दूरच. सरमा यज्ञमंडपात जाऊन विचारते, माझ्या पोराने काही केले नसताना त्याला का मारलेत? कोणी उत्तर देत नाही. तेव्हा ती शाप देते, की निरपराध्याला मारलेत म्हणून तुमच्यावर अदृष्ट भय येईल. 'अदृष्ट भय' या दोन शब्दांवर मी वर्गात दहा मिनिटे बोलत असे. दिसत नाही, कुठून येते ते कळत नाही, अपराध कोणता तेही माहीत नाही, असे भय. नऊ व्होल्टची बॅटरी घालून ते मी खिशात घेऊन हिंडत होतो, हे ध्यानात यायला मला वाडीच्या त्या बोळात यावे लागले.

काकडआरती चुकली. खोलीवर आईच्या कंबरेला मलम चोळताना मी तिला आदल्या दुपारचे सगळे सांगितले. रागावेल असे वाटले होते. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे ती मला भ्यायली. मला वाटलं, माझ्याच हातून काही झालं." मग म्हणाली, "आज पोळी तू घाल."

मी! ज्याच्या पोटरीवर अजून वण होता तो! पण नाही म्हणायला तोंड नव्हते. दुपारी मी पोळी घेऊन पायरीवर बसलो. खिडकीतून आईच्या सूचना: तिच्या डोळ्यांत बघू नकोस, तिच्याकडे तोंड करू नकोस, तुकडा लांब टाक, हात हलवू नकोस. पहिल्या दिवशी ती ढिगाबाहेर आलीच नाही. तुकडे कावळ्यांनी नेले. तिन्हीसांजेला पुन्हा बसलो. पालखीची वाद्ये घाटावरून ऐकू येत होती. तेव्हा मात्र ती आली. तुकडा उचलला आणि पळाली. माझे तळहात घामाने ओले झाले होते.

यंत्राची निंदा मी करणार नाही. पहाटे पेपर टाकणारी पोरे, रात्रपाळीहून दुचाकीवर परतणाऱ्या बाया, टपाल वाटणारे पोस्टमन यांच्यामागे टोळी लागली असता तीनांतली दोन थबकली तरी पुष्कळ झाले. पण पिसाळलेले कुत्रे थांबेल अशी हमी त्यावर कोणी ठेवू नये. आणि दात लागलाच तर साबण, पाणी आणि दवाखाना यांना त्यात पर्याय नाही. माझ्या खिशात आमच्या गल्लीतल्या पहाटेसाठी ते अजून असते. फिरणे मी पुन्हा सुरू केले आहे. बटणावर बोट मात्र पूर्वीसारखे शिवशिवत नाही.

चौथ्या दिवशी काकडआरतीला आई माझा हात धरून गेली. कुत्री भुंकली नाही, जवळही आली नाही. दुपारी आमची रिक्षा दारात येऊन उभी राहिली तेव्हा मी शेवटची पोळी घेऊन बसलो होतो. कुत्री तीन हातांवर येऊन उभी. मी तुकडा टाकणार, तो वरून आई म्हणाली, "टाकू नकोस, पुढे धर." मी हात पुढे केला, मान दुसरीकडे वळवली. बराच वेळ काही झाले नाही. रिक्षावाल्याने दोनदा भोंगा वाजवला. मग बोटांना ओलसर, गरम काहीतरी लागले आणि हातातला तुकडा गेला.

वळून पाहिले तर ती ढिगाकडे निघाली होती, तुकडा न खाता, तोंडात तसाच धरून. आई जिना उतरून आली, तिने तिथूनच उरलेली अर्धी पोळी ढिगाच्या दिशेने टाकली आणि मला म्हणाली, "चल ऊठ, गाडी चुकेल."